नाशिकजवळचं सापांचं छोटं केंद्र : मुलांना घेऊन गेलो त्याबद्दल (तुमचेही अनुभव लिहा)

गोदाकाठची

सुट्टीत मुलांना नाशिकच्या आसपास कुठे न्यावं या धाग्यावर मी एका ओळीत या केंद्राबद्दल लिहिलेलं, त्यावर इतके व्यनि (खासगी निरोप) आले की सरळ वेगळा धागा काढतेय. आधीच सांगते, नाव आणि नंबर इथे टाकणार नाहीये, त्यांनीच तशी विनंती केलीय. मधे कुठल्यातरी व्हॉट्सॅप ग्रुपवर लोकेशन फिरलं आणि लोक रात्री-बेरात्री बरणीत नाहीतर गोणीत साप भरून गेटपाशी ठेवून जायला लागले, कुठे सापडला, कधी सापडला, कशाचा पत्ता नाही. खरंच जायचं असेल त्यांनी व्यनि करा.

तर गिरणाऱ्याच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधे एक पत्र्याची शेड, आत तीन खोल्या आणि मागे सिमेंटचा हौद, एवढंच आहे. पार्किंग वगैरे विसरा, बांधाकडेला गाडी लावायची. फोन करून वेळ घ्यावी लागते आणि एका वेळी मोजकीच माणसं घेतात. तिकीट नाही, एक डबा ठेवलाय त्यात काय टाकायचं ते टाका. एक ताई सगळं दाखवतात, त्यांचा नवरा आणि कॉलेजची काही पोरं रेस्क्यूचे कॉल घेतात.

पहिल्या खोलीत जिवंत काही नाही. फायबरचे साप, खऱ्या मापाचे, जोडीजोडीने मांडलेले. घोणस आणि शेजारी डुरक्या घोणस, मण्यार आणि शेजारी कवड्या, म्हणजे एक विषारी आणि एक त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी. ताई आधी मुलांना नुसतं बघत बसायला लावतात, काही सांगत नाहीत, मग विचारतात काय फरक दिसला. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून बरंच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेपासूनच असतात आणि शेपटीकडे फिके होतात, हे माझ्या धाकट्याने स्वतः पकडलं आणि मग घरी येईपर्यंत आम्हाला दुसरं काही बोलू दिलं नाही.

दुसऱ्या खोलीत लोकांनी हौसेने घेतलेले आणि मग नकोसे झालेले परदेशी प्राणी आहेत. बॉल पायथन (छोटा अजगर), बिअर्डेड ड्रॅगन (सरडा), आणि एक इग्वाना, तोही सरडाच, जो विकत घेताना वीतभर होता म्हणे आणि आता शेपटीसकट माझ्या थोरल्याच्या उंचीचा आहे. त्याचे मागचे पाय वाकलेत. मालकाने फ्लॅटमधे ट्यूबलाइटखाली वाढवला, ऊन नाही, यूव्हीबीचा म्हणजे अतिनील किरणांचा दिवा नाही, मग अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. हे दुखणं घरात कोंडलेल्या इग्वाना-कासवांमधे इतकं कॉमन आहे की ताईंना बघून लगेच कळतं. मागच्या हौदात सगळी रेड इअर्ड स्लायडर, ती डोळ्यामागे लाल पट्टा असलेली कासवं. दुकानात नाण्याएवढी मिळतात, मोठी झाली की फूटभर होतात आणि वीस-तीस वर्षं जगतात, हे विकणारा सांगत नाही.

तिसरी खोली बंद. दारावर पाटी, 'आत पेशंट आहेत'. जखमी जंगली साप तिथे असतात आणि ते कोणालाही दाखवत नाहीत. माझा थोरला जाम वैतागला, आई आपण साप बघायला आलो ना मग नाग कुठाय. ताईंनी त्याला शांतपणे विचारलं, तू हॉस्पिटलात अ‍ॅडमिट असताना अनोळखी लोक रांगेने बघायला आले तर चालेल का. त्यावर तो गप्प, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं.

मला स्वतःला ही जागा आवडली ती याच कारणाने. बघायला कमी, पण जे दाखवतात त्याच्यामागे विचार आहे. तुमचं काय मत?

सिडकोवाला

ताई छान लिहिलंय पण खरं सांगू का, मग बघितलं काय? प्लास्टिकचे साप आणि दुसऱ्याचे टाकलेले पाळीव प्राणी. एवढं पेट्रोल जाळून गिरणाऱ्यापर्यंत जायचं आणि नाग बंद दाराच्या मागे. आमच्या शाळेत एकजण यायचा खरे साप घेऊन, अजगर गळ्यात घालायचा सगळ्या पोरांच्या, त्याने माझी भीती कायमची गेली. पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात निदान नाग फणा काढून दिसतो तरी.

रानभूल

>> अजगर गळ्यात घालायचा सगळ्या पोरांच्या

दादा तो जो कोणी होता तो आज हे करेल तर आत जाईल. मी काही वर्षं नाशकात साप पकडायचे कॉल घेतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, सहन करा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं सुद्धा शिकारच. आपला अजगर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं. घरात निघालेला साप सर्पमित्र पकडतो तो वनखात्याच्या माहितीत, नोंद करून, आणि लगेच सोडून देण्यासाठी. तोच साप चार दिवस बरणीत ठेवून शाळाशाळांत फिरवला की तो रेस्क्यू राहत नाही. आणि लोकांना जंगली प्राणी दाखवायचे तर ते प्राणिसंग्रहालय झालं, त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. कात्रजकडे ती आहे. ते सर्पोद्यान १९८६ पासूनचं, नीलिमकुमार खैरेंनी उभं केलेलं, आज महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे, डॉक्टर आहेत, स्टाफ आहे. गिरणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडची त्याच्याशी बरोबरी कशाला करायची. त्या ताईंनी दार उघडलं असतं तर उलट मी म्हटलं असतं जाऊ नका तिकडे.

गळ्यात घातलेला साप शांत असतो म्हणजे त्याला आवडतंय असं नाही. बऱ्याचदा तो थंडगार पडलेला, उपाशी, डिहायड्रेट झालेला असतो. काही महाभाग तर तोंड शिवून टाकायचे किंवा दात काढायचे, मी असे नाग ताब्यात घेतलेत, तोंडात पू झालेला असतो, खाता येत नाही, शेवटी मरतातच.

आणि भीती गेली म्हणताय ना, हाच तर घोळ आहे. माझ्या ओळखीत जे पोरगे चावून घेऊन बसले ते सगळे भीती गेलेलेच होते. रील बनवायच्या नादात.

सिडकोवाला

बरं बाबा. शाळेचं मत मागे घेतो. पेट्रोलचं घेत नाही.

निफाडकर

वाचतोय. आमच्याकडं द्राक्षबाग आन् टोमॅटो दोन्ही हाये म्हणून एक बोलतो जे तुमच्या शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं. साप काठीनं जेवढे मरत नसतील तेवढे जाळीत मरतात. पाखरांसाठी बागेवर नायलॉनची जाळी टाकतो ना, हंगाम झाला की ती बांधाला नुसती फेकून देत्यात. काही जण डुकरं-ससे येऊ नये म्हणून मासेमारीची जुनी जाळी कुंपणाला लावतात. उंदरामागं धामण आली की तोंड घालती, पुढं जायला बघती, जेवढी जोर लावती तेवढी जाळी खवल्यात रुतती. मागं सरता येत नाही कारण खवले मागल्या बाजूला वळलेले. उन्हात दोन तासात खलास.

आमच्या बांधाला एक धामण अशीच गुंतली होती, त्या केंद्राच्याच पोरांनी येऊन बोथट टोकाच्या कात्रीनं एक एक धागा कापला, मान पार कातरली होती, टाके घातले. म्हणले सापाची जखम लवकर भरत नाही, अंग थंड असतं, दोन-तीन काती टाकेपर्यंत ठेवावी लागंल. बरी झाल्यावर आमच्याच बांधाला आणून सोडली.

धामण म्हंजी फुकटचा गडी. कांद्याच्या चाळीत उंदीर किती नासधूस करतो ते चाळवाल्यालाच विचारा.

गोदाकाठची

निफाडकर दादा, बंद खोलीबद्दल विचारलं तेव्हा ताई हेच म्हणाल्या की आतले बहुतेक पेशंट जाळीतले आणि रोटाव्हेटरखाली आलेले असतात. मग जाळीचं करायचं काय? ती लावायची तर लागणारच ना.

निफाडकर

लावा की, कोण नाही म्हणतंय. खालची कड लोळत ठेवू नका, ताणून बांधा, ढिली असली तरच साप गुततो. आन् काम झालं की गुंडाळून शेडमधी टाका, बांधाला नको. आमच्या पोरानं केंद्रातून ऐकून आल्यावर मलाच शिकवलं हे, बापाला अक्कल.

मंजिरी_के

मस्त धागा. पट्ट्यांचं वाचून एक शंका, आम्ही नुकतेच म्हसरूळला बंगल्यात राहायला गेलोय, मागे मोकळे प्लॉट आणि गवत. रात्री साप दिसला तर पट्टे कुठून सुरू होतात ते बघत बसायचं का? मुलीला काय शिकवू? ती सहा वर्षांची आहे.

रानभूल

नाही, अजिबात बघत बसायचं नाही. ती माहिती मारू नये म्हणून आहे, हाताळता यावं म्हणून नाही. मुलीला एवढंच शिकवा की साप दिसला की दोन पावलं मागे आणि मोठ्या माणसाला हाक. तुम्ही लांबून नजर ठेवा तो कुठे जातोय, कारण सर्पमित्र येईपर्यंत साप दिसेनासा झाला की अख्खं घर उचकटावं लागतं. वनखात्याची टोल फ्री हेल्पलाइन १९२६.

घराभोवती विटांचे ढीग, जुनी फळकुटं, फुटक्या कुंड्या असतील तर हलवा. कोंबड्या, कुत्र्याचं अन्न, धान्य याने उंदीर येतात आणि उंदरामागे साप. दाराखाली फट असेल तर पट्टी मारून घ्या. फिनेल, कार्बोलिक, लसूण, सगळं विकणाऱ्यांच्या फायद्याचं.

जून ते ऑगस्ट पिल्लांचे कॉल जास्त. नाग-धामण अंडी घालतात, घोणस थेट पिल्लंच देते, एका वेळेला वीस-चाळीस सहज. घोणशीचं पिल्लू अजगराचं म्हणून हातात उचलणारे दरवर्षी भेटतात. विष पहिल्या दिवसापासून असतं.

भूल_देणारी

माझा आयडी बघून कळलंच असेल, अनेस्थेशियावाली आहे, आधी काही काळ आदिवासी पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात होते. मंजिरी तुम्हाला एक गोष्ट यादीत अगदी वर घालायला सांगते, जमिनीवर झोपू नका. कोणीच. मण्यार रात्री घरात शिरते, झोपलेल्या माणसाचा हात तिच्या अंगावर पडला की चावते, आणि तिचा दंश दुखत नाही. सूज नाही, खूण सापडत नाही. पहाटे माणूस उठतो ते पोटात दुखतंय म्हणून, घरचे ओवा देतात, अ‍ॅसिडिटीची गोळी देतात, मग पापण्या जड होतात, बोलताना जीभ वळत नाही, गिळता येत नाही. तिथपर्यंत आला की श्वासाचे स्नायू जायला फार वेळ नसतो.

अशा पेशंटला नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं की बाहेरून तो मेल्यासारखा दिसतो, डोळे उघडत नाही, बोट हलत नाही. पण बऱ्याचदा त्याला सगळं ऐकू येत असतं. मी नातेवाइकांना बाहेर नेऊन बोलायचे ते यासाठीच. आणि हे पेशंट पूर्ण बरे होतात बरं का, वेळेत श्वास सांभाळला तर. काही दिवसांनी चालत घरी जातात.

खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही. हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या-जोडवी काढा कारण सूज येते, आणि १०८ किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना. साप मारून आणू नका, डॉक्टरला तो लागत नाही. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, ते आम्ही साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवून बघतो. नळी तिरकी केली आणि रक्त वाहिलं की कळलं. प्रतिसर्पविष चारही सापांवर एकच असतं, नाग मण्यार घोणस फुरसं, त्यामुळे साप ओळखला नाही म्हणून इंजेक्शन अडत नाही. आणि लहान मुलाला डोस कमी द्यायचा नसतो, मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण विष तेवढंच गेलेलं असतं. बायका हमखास विचारतात एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या कशाला.

सिडकोवाला

डॉक्टर बाई घाबरवलंत. आजपासून गच्चीवर गादी टाकून झोपणं बंद.

पण आकडे खरंच एवढे मोठे आहेत का? की नेहमीचं व्हॉट्सॅप?

भूल_देणारी

२०२० मधे एक मोठा अभ्यास आला होता, त्यात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने साधारण १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार असा अंदाज होता. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमधे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ ला सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला आणि २०२४ मधे केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडाही आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. माझ्या वॉर्डात आलेले बहुतेक शेतावर राबणारे होते. शहरातल्या लोकांना हा विषय पिकनिकचा वाटतो.

निफाडकर

डॉक्टर ताई बरोबर बोलल्या. रात्रीची लाईट येती तवा पाणी भरायला अंधारात जावंच लागतं. गमबूट आन् बॅटरी, दुसरं काय करनार. आन् एक, कुणा शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात, लई लोकांना ठाऊकच नाही. तालुका कृषी ऑफिसात लगेच जायचं, कागदं सगळी जपून ठेवायची.

पंचवटी_आजोबा

चांगली चर्चा चालू आहे. आमच्या लहानपणी नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन गल्लीतून फिरत असत, आई त्या नागापुढे दुधाची वाटी ठेवी आणि तो पीतसुद्धा असे. आता नातवाकडून कळते की त्यास आधी कित्येक दिवस पाणी दिलेले नसे, तहानेने जीव चाललेला, समोर दूध काय नि विष काय, तो पिणारच. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेवरही उच्च न्यायालयाने २००२ साली बंधने आणली. आमच्या घरी आता पाटावर चंदनाचा नाग काढतात, हिने ते केव्हाच सुरू केले होते, कोर्टाच्याही आधी.

एक शंका विचारतो, हसू नका. मखमलाबादला आमच्या मामांच्या मळ्यात नाग आणि धामण यांचे लगीन पाहिल्याचे मला पक्के आठवते. दोघे एकमेकांस विळखे घालून निम्मे उभे राहिलेले. मामींनी धावत जाऊन नवे लुगडे त्यांच्यावर टाकले होते, भरभराट होते म्हणून. हे खरे असते काय?

रानभूल

आजोबा हसत नाही, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. ती दोन्ही धामणच असतात आणि दोन्ही नर. कुस्ती चालू असते, समोरच्याचं डोकं जमिनीला टेकवायचं एवढाच डाव, चावत नाहीत. त्यात एक पिवळसर एक काळपट असला की लोकांना एक नाग वाटतो. नाग आणि धामणीची जोडी जमत नाही, नाग तर धामण खाऊन टाकेल.

लुगड्याचं पुढे काय झालं?

पंचवटी_आजोबा

मामा रागावले. लुगडे येवल्याचे होते.

लीड्सकर

मूळचा नाशिकरोडचा, सध्या इंग्लंडात. इथेही एका छोट्या रेप्टाइल रेस्क्यूला लेकीला घेऊन जातो म्हणून हा धागा उघडला, आणि गंमत म्हणजे इकडे सगळं उलटं आहे. इथे मुलांच्या हातात साप देतात, रांगेत बसवून, हात धुवायला लावून, आधी आणि नंतर दोन्ही वेळेस, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पण ते साप सगळे कॉर्न स्नेक आणि रॉयल पायथन, जे तुम्ही बॉल पायथन म्हणताय तेच, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेले, जंगलातून आणलेले नाहीत. लोक हौसेने घेतात, मग मूल होतं, घर बदलतं, हीटिंगचं वीजबिल परवडत नाही, की आणून देतात. बिअर्डेड ड्रॅगन तर ढिगाने.

या देशात मूळचे साप तीनच जातीचे आणि त्यात विषारी एकच, अ‍ॅडर. त्यामुळे शाळेत साप हाताळायला शिकवलेलं मूल बाहेर जाऊन नाग उचलेल ही भीतीच नाही. विषारी पाळायचा तर १९७६ च्या कायद्याखाली लायसन लागतं. सिडकोवाले भाऊ, इकडचे व्हिडिओ बघून तिकडच्या केंद्राकडून तीच अपेक्षा करणं मला तरी बरोबर वाटत नाही. मुलगी सुट्टीत नाशिकला येते तेव्हा तिला मी आधीच बजावतो की आजीच्या अंगणातला साप हातात घ्यायचा नसतो. तिला ते कळायला जरा वेळच लागला.

कासवछाप

इतके जाणकार जमलेत तर विचारून घेतो. माझ्या मावशीकडे एक कासव आहे, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. कोणीतरी वास्तूसाठी आणून दिलंय, उत्तरेला परातीत पाण्यात ठेवलंय. खातं पितं, छान आहे. हे चालतं ना?

रानभूल

नाही चालत. ते स्टार कासव, आपलं इथलं जंगली कासव आहे, विकणं घेणं पाळणं सगळं बेकायदा, कितीही प्रेमाने ठेवलं तरी. आणि परातीत पाण्यात?? ते जमिनीवरचं कासव आहे, कोरड्या माळावरचं, गवत-पाला खाणारं, पोहत नाही. सतत पाण्यात राहून कवच सडतं. मावशींना घाबरवू नका पण वनखात्याला फोन करून रीतसर सोपवा. आणि कृपा करून स्वतः नेऊन गंगापूर धरणात सोडू नका, बुडून मरेल.

गोदाकाठची

यावर ताई बराच वेळ बोलल्या होत्या. लोक पुण्य म्हणून रामकुंडावर कासवं सोडतात, जमिनीवरची पण आणि ती लाल पट्टेवाली परदेशी पण. पहिली बुडतात आणि दुसरी तरतात, आणि तरणारीच जास्त त्रासाची, कारण ती आपल्या गोदावरीतल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतात. दोन्हीकडून नुकसानच. परदेशी प्राणी घरात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचं बघा असंही म्हणाल्या.

कासवछाप

मावशीला फोन केला. ती म्हणते कासव गेलं तर घरातली लक्ष्मी जाईल. काका मागून ओरडले लक्ष्मी आलीच कुठे. काम चालू आहे, कळवतो.

सिडकोवाला

अर्जंट!! आमच्या सोसायटीत मीटर बॉक्सच्या खोलीत साप निघालाय, भिंतीवर चढतोय, तपकिरी आहे, पिवळट आडवे पट्टे, पेन्सिलीपेक्षा थोडा जाड. वॉचमन काठी घेऊन उभाय. १९२६ ला फोन लावलाय.

रानभूल

काठी खाली ठेवायला सांगा आधी. मानेवर पट्टे दिसतायत का? सरळ भिंतीवर चढतोय आणि एवढासा आहे तर कवड्या असण्याची शक्यता आहे, पालींसाठी येतो मीटर खोलीत. पण फोनवरच्या वर्णनावर विश्वास ठेवून हात लावू नका. मेन स्विचजवळ पाणी वगैरे मारू नका. दार लोटून घ्या, खालच्या फटीला पोतं लावा आणि लांब उभे राहा. फुसकारतोय का? घोणस असती तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज पार्किंगपर्यंत आला असता.

सिडकोवाला

मुलगा आला होता, बाइकवर, बावीस-तेवीसचा असेल. कवड्याच निघाला. त्याने पीव्हीसी पाइपच्या तोंडाला कापडी पिशवी लावली, पाइप जमिनीवर ठेवला, हुकाने हलकं ढोसलं आणि साप आपणहून अंधार बघून पाइपात गेला. हात लावलाच नाही त्याने. मी त्याला म्हटलं जरा बाहेर काढून दाखव ना पोरं जमलीयेत, तर नाही म्हणाला. वर पोरांना बसवून पट्ट्यांचं सांगितलं, गोदाकाठची ताईंनी लिहिलंय तेच सगळं. फॉर्मवर माझी सही घेतली, आणि इथेच मागच्या नाल्याच्या झाडीत सोडणार म्हणाला. आमच्या सेक्रेटरी वहिनी म्हणाल्या लांब जंगलात सोड की बाबा, तर म्हणे लांब नेला की त्याला लपायच्या जागा, खाणं काही माहीत नसतं, भटकत राहतो आणि मरतो.

पैसे विचारले तर म्हणाला पेट्रोलचं देत असाल तर द्या. सोसायटीच्या फंडातून द्यायचं तर मीटिंग घ्या म्हणाले एकजण!! मीच दिले. गिरणाऱ्याचाच मुलगा होता तो, सिडकोपर्यंत आला होता.

मंजिरी_के

म्हणजे पेट्रोलचा मुद्दा मिटला तुमचा :)

मी शनिवारची वेळ घेतलीय ताईंकडे. मुलीला घेऊन जातेय, आणि सासूबाईंना पण, कारण आमच्याकडे काठी त्यांच्या हातात असते. जाताना काही न्यायचं का? पैसे डब्यात टाकूच, पण वस्तू काही लागतात का त्यांना?

गोदाकाठची

हो लागतात. पालेभाजीचे देठ, जास्वंदीची पानं आणि फुलं इग्वानासाठी, पण औषध न मारलेली. जुनी वर्तमानपत्रं, झाकणाचे मोठे प्लास्टिक डबे. आणि सगळ्यात जास्त उशांचे जुने अभ्रे, सुती. साप न्यायच्या पिशव्या त्याच्याच करतात, हवा खेळती राहते आणि आत अंधार असला की साप शांत बसतो.

पंचवटी_आजोबा

अभ्रे आमच्याकडे पेटीभर आहेत, हिने जपून ठेवलेले. कोणी पंचवटीतून घेऊन जाईल काय?

मंजिरी_के

आजोबा मी शुक्रवारी संध्याकाळी येते, पत्ता व्यनि करा. फक्त शिवण उसवलेले आधीच बाजूला काढून ठेवा हं, गाडीत सासूबाई असणार आहेत आणि परतीच्या वेळी ताईंनी कोणाला सोडायला आमच्याबरोबर दिलं तर माझं काही खरं नाही.

रानभूल

असं कोणी देत नाही हो :) पण उसवलेले बाजूला काढा, हे बरोबर.